चीक नसलेली रुई: शिकागोकडच्या अंगणात बटरफ्लाय वीड कसं लावावं

पहिल्या उन्हाळ्यात मी बटरफ्लाय वीडची, म्हणजे इथल्या प्रेअरीवरच्या एका केशरी रानफुलाची, तीन रोपं मारली, आणि तिन्ही लाडाने मारली. खड्ड्यात शेणखताची पिशवी रिकामी केली, ऑफिसमधून आल्यावर रोज पाणी घातलं, गुलाबासाठी आणलेलं खतही थोडं टाकलं. जुलै संपायच्या आत देठ बुडाशी काळे पडले आणि रोपं अलगद हातात आली. तुळस, मोगरा, कढीपत्ता कुंडीत जगवत आलेल्या आपल्या हाताला पाणी न घालणं जमतच नाही. आणि या झाडाला हवं असतं नेमकं तेच.

आता तोच वाफा सहा वर्षांचा आहे. जूनच्या शेवटी तो असा काही केशरी पेटतो की कोपऱ्यावरून येणाऱ्या गाड्या हळू होतात. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, म्हणजे नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गकडे राहणाऱ्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू पडेल. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन, इंडियानातल्या लोकांनी तारखा आठवडा-दोन आठवडे पुढेमागे कराव्यात. (भारतात फोनवर बोलताना मात्र ‘अंगणात वीड लावलंय’ असं सांगू नका. इथे वीड म्हणजे तण, पण समजावून सांगेपर्यंत बातमी गावभर झालेली असते.)

इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात. एकेकाळी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकरांवर उंच गवत आणि रानफुलं होती. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने याच राज्यातल्या ग्रँड डीटूर गावात पोलादी नांगर बनवला. तोवर ही चिकट काळी माती नांगराच्या फाळाला धरून बसायची. नव्या फाळावरून ती घसरू लागली आणि पुढच्या काही दशकांत गवताच्या जागी मका आला. आज मूळ प्रेअरी चांगल्या स्थितीत उरली आहे ती दर दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर. म्हणून लाईल गावच्या मॉर्टन आर्बोरीटम या वृक्षोद्यानातली शूलेनबर्ग प्रेअरी जुलैमध्ये एकदा तरी पायी फिरून या. १९६२ पासून तिथे हाताने रोपं लावून गवताळ रान पुन्हा उभं केलेलं आहे. कुठलं फूल कुणाशेजारी उगवतं, किती उंच होतं, कुणाच्या आधाराने उभं राहतं, हे नर्सरीतल्या कुंडीकडे बघून कळत नाही.

आता त्या रुईबद्दल. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला मोठ्या हौशीने सांगितलं, ‘हे रुईचं भावंड आहे.’ तिने ताबडतोब एक पान मोडून बघितलं. ‘चीक कुठाय? चीक नाही मग रुई कसली?’ तिचा आक्षेप अगदी बरोबर होता. मिल्कवीडच्या, म्हणजे रुईच्या नात्यातल्या इथल्या झाडांच्या, जवळपास सगळ्या जातींना पांढरा चीक असतो, पण अस्क्लेपिअस ट्यूबरोसा, म्हणजे आपलं हे झाड, त्याला अपवाद. याचा रस पाण्यासारखा असतो. पानंही रुईसारखी रुंद नाहीत, अरुंद आणि केसाळ असतात. पण ऑक्टोबर आला, शेंगा उलल्या आणि रेशमी पिसाऱ्याचं बी वाऱ्यावर निघालं, तेव्हा आईच पहिल्यांदा ओरडली, ‘अगं, म्हातारी!’ शनिवारी ज्याच्या पानांची माळ मारुतीला जाते त्या घराण्याशी नातं तिने त्या दिवशी मान्य केलं.

नातं आणखी एका बाजूने आहे. आपल्याकडे रुईवर अंडी घालणारं केशरी-काळं फुलपाखरू, प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा, आणि मिल्कवीडवर अंडी घालणारं इथलं मोनार्क हे एकाच कुळातलेच नाहीत, तर एकाच प्रजातीगटातले, डॅनॉस. मोनार्क इलिनॉयचा राज्यकीटक आहे, १९७५ पासून.

आधी जागा बघा, माती नंतर

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. मेपलच्या कडेची, दुपारी सावली येणारी जागा चालत नाही. तिथे झाड उन्हाकडे लांबतं, आडवं पडतं आणि दोन-तीन फुलांवर भागवतं. माझा वाफा ड्राइव्हवेच्या कडेला दक्षिणेला तोंड करून आहे. तिथे बाकी सगळं करपतं, हे मात्र खूश असतं.

दुसरी गोष्ट निचरा, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. याचं सोटमूळ जाड, गाजरासारखं असतं आणि खोल जातं. दुष्काळात त्यामुळेच तगतं, पण हिवाळ्यात त्याच्याभोवती पाणी साचलं की सडतं. आपल्या उपनगरांत घरं बांधताना वरची चांगली माती खरवडून नेलेली असते आणि लॉनखाली निघते ती चिकणमाती. तपासायला सोपं आहे: फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत गेलं तर उत्तम. सकाळी उठून बघता तेव्हाही तळं असेल तर ती जागा सोडा. खणण्याआधी ८११ ला फोन करायचा, हे इथल्या घरमालकांना सांगायला नकोच. फुकट येऊन वायरी आणि पाइपांवर खुणा करून जातात.

चिकणमातीच असेल तर काय? त्यात थोडी वाळू मिसळू नका, तो प्रयोग विटेसारखा घट्ट गोळा देतो. त्याऐवजी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आठ-दहा इंच उंच वाफा करा, किंवा उताराचा वरचा भाग निवडा. चिकणमातीत वाढलेल्या रोपांपासून जमवलेलं बीही काही विक्रेते वेगळं विकतात. आणि अंगणात खरोखरच पाणी साचणारा कोपरा असेल तर हट्ट सोडून तिथे गुलाबी फुलांचं स्वॅम्प मिल्कवीड लावा, ते ओल्या मातीत मजेत राहतं.

खत नाही. कंपोस्टही नाही. सुपीक मातीत झाड मऊ, उंच आणि लोळणारं होतं.

बी की रोप

रोप आणलं तर बहुधा पुढच्याच वर्षी फुलं दिसतात, पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, कुंडी खोल हवी. उथळ कुंडीत सोटमूळ गोल गुंडाळलं गेलेलं असतं आणि ते रोप कायम मागे पडतं. दुसरी जास्त महत्त्वाची: रोपावर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक वापरलंय का, हे स्पष्ट विचारा. ते औषध झाडाच्या अंगात भिनतं, आणि ज्या पानावर सुरवंटाने जगायचं तेच पान त्याला मारतं. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर रोप घेऊ नका. स्थानिक रानफुलांचीच नर्सरी असलेले किंवा वसंतात निसर्गप्रेमी संस्थांच्या रोपविक्रीला येणारे लोक हा प्रश्न विचारला की खूश होतात.

मोठ्या दुकानांत ‘बटरफ्लाय वीड’ किंवा ‘मिल्कवीड’ या नावाखाली कधी कधी लाल-पिवळ्या फुलांचं दुसरंच झाड मिळतं, अस्क्लेपिअस कुरासाविका. गंमत म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते कोकणात, ओढ्याच्या कडेला पाहिलेलं असतं: हळदीकुंकू. ते इथलं नाही. इलिनॉयच्या थंडीत ते मरतं, आणि टेक्सास-फ्लोरिडासारख्या उबदार भागांत वर्षभर हिरवं राहून मोनार्कच्या एका परजीवी रोगाला आसरा देतं. लेबलवर ‘ट्यूबरोसा’ हा शब्द शोधा.

मी आता बीच लावते. स्वस्त पडतं आणि झाड जन्मापासून आपल्या मातीत मूळ सोडतं. किंमत एकच: फुलं दुसऱ्या, बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षी.

बियांना हिवाळा दाखवायचा

बाजारातून आणलेलं बी तसंच कुंडीत टाकलं तर फार थोडं उगवतं. हे बी थंडीत, ओलाव्यात महिनाभर पडून राहिल्याशिवाय जागं होत नाही, आणि हे शहाणपणाचं आहे. ऑक्टोबरच्या उबदार आठवड्यात उगवून आलं असतं तर नोव्हेंबरमध्ये गोठून गेलं असतं. ही थंडी द्यायच्या तीन रीती आहेत.

पहिली फ्रिजची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॉफीचा कागदी फिल्टर ओला करून घट्ट पिळा, त्यात बी पसरा, घडी करून झिपच्या पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. तापमान ३४ ते ४० फॅरनहाइटच्या दरम्यान हवं. तीस दिवस. आठवड्यातून एकदा उघडून बघा: कागद कोरडा पडला तर दोन थेंब, बुरशी दिसली तर बी धुऊन नवा कागद. इडलीच्या पिठाच्या डब्यामागे ती पिशवी हरवते, हा अनुभवाचा सल्ला. एप्रिलच्या सुरुवातीला काढून खोल कुंड्यांत पाव इंच मातीखाली पेरा. सत्तर-पंचाहत्तर अंश उबेत, भरपूर उजेडात दोन ते चार आठवड्यांत अंकुर येतात.

दुसरी रीत दुधाच्या कॅनची, आणि माझी लाडकी. दह्यासाठी आपल्या घरात आठवड्याला दोन गॅलन दूध येतं, त्यामुळे कॅनना तोटा नाही. कॅन धुऊन बुडाला आठ-दहा भोकं पाडा. मुठीच्या खालच्या टोकाच्या पातळीवर आडवा कापा, पण एका बाजूने बिजागरीसारखा जोडलेला ठेवा. चार इंच ओली माती भरा, बी टाका, वर पाव इंच माती, कॅन बंद करून चिकटपट्टी लावा. झाकण फेकून द्या. पाऊस आणि बर्फ त्या तोंडातून आत गेला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत हे सगळं करून कॅन अंगणात उन्हाच्या जागी ठेवून द्यायचा आणि विसरायचं. गोठणं, वितळणं, परत गोठणं, सगळं बाहेरची थंडी करते. एप्रिलमध्ये हवा तापू लागली की आत घरात उगवलेल्यांपेक्षा ठणठणीत रोपं उभी असतात, आणि त्यांना उन्हाची सवय वेगळी लावावी लागत नाही. आतली माती सुकतेय का, एवढं मात्र एप्रिलपासून बघायचं.

तिसरी रीत म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेर) आसपास उघड्या जमिनीत थेट पेरणी. सर्वांत कमी कष्ट, आणि सर्वांत कमी रोपं. पक्षी, उंदीर, पाऊस आपापला वाटा घेतात. मोकळी स्वच्छ माती असेल तरच करा, गवतात बी भिरकावून काहीही होत नाही.

लॉन घालवणं

खोदून गवत काढलं की खालचं तणांचं बी वर येतं आणि पुढची दोन वर्षं उपटत बसावं लागतं. मी ऑगस्टमध्ये लॉन जमिनीलगत कापून त्यावर अॅमेझॉनची खोकी उलगडून अंथरली, टेप आणि लेबलं सोलून, कडा सहा-सहा इंच एकमेकींवर चढवून. भिजवली, वर तीन-चार इंच लाकडाचा भुसा. मेपर्यंत खाली गवत मेलेलं असतं आणि पुठ्ठा मऊ पडलेला. रोप लावायच्या जागीच भोक पाडायचं. शेजाऱ्यांनी हिवाळाभर काय समजायचं ते समजले.

लावणी

शेवटचं दहिवर साधारण मदर्स डेपर्यंत (मेचा दुसरा रविवार) टळतं. रोपाला खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की लगेच लावा. थांबू नका, कारण मूळ वरच्या रोपापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं असतं, आणि तुटलं की रोप महिने रुसतं. कॅनमधली माती चाकूने केकसारखी कापून चौकोनासकट उचलते मी, मुळं सोडवत बसत नाही. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर. आणि एकच झाड लावू नका. याचं फूल स्वतःच्या परागांनी सहसा फळत नाही, त्यामुळे एकट्या झाडाला शेंगा धरत नाहीत. बीपासून वाढवलेली तीन-चार तरी हवीत.

पहिल्या वर्षी, आणि फक्त पहिल्याच वर्षी, पाणी घालायचं. लावल्यावर दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, तेही पाऊस झाला नाही तर. बोट दोन इंच खुपसा. ओलं लागलं तर पाइप ठेवून द्या. ऑगस्टमध्ये रोप वर जेमतेम बोटा-दोन बोटांनी वाढलेलं दिसेल. खाली ते मूळ घडवतंय. इथे आपला हात खताकडे जातो. जाऊ देऊ नका.

ससे! कोवळं रोप एका रात्रीत बुडापर्यंत खातात. फूटभर उंच कोंबडजाळीचा गोल कडेने रोवा आणि पहिले दोन उन्हाळे तसाच राहू द्या. हरणं बहुधा याला तोंड लावत नाहीत.

पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठते-वितळते तशी लहान रोपं उचलली जातात, म्हणून जमीन गोठल्यावर दोन इंच पानांचं आच्छादन घाला आणि एप्रिलमध्ये बाजूला करा.

मेमध्ये घाबरू नका

हे झाड वसंतात सर्वांत उशिरा उठणाऱ्यांपैकी आहे. ट्युलिप संपतात, लायलॅक फुलतो, आणि याच्या जागी नुसती माती. एका वर्षी मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात ‘गेलं बहुतेक’ म्हणत त्या जागी झेंडू लावायला खुरपं चालवलं आणि जिवंत मूळ कापलं. तेव्हापासून प्रत्येक झाडाजवळ आईस्क्रीमची काडी. मेमध्यापर्यंत, कधी मेअखेर, जांभळट कोंब वर येतात.

जूनअखेर ते ऑगस्ट फुलं. जवळ जाऊन एक फूल बघा: खाली वळलेल्या पाच पाकळ्या आणि वर उभे पाच पेले. पराग सुटी पूड नसते, मेणाच्या दोन पिशव्या जोडलेल्या असतात. माशीचा पाय फटीत अडकतो, ती झटका देऊन सोडवते आणि पिशव्या पायाला अडकवून उडते. पुढच्या फुलात त्या नेमक्या फटीत बसल्या तरच फळ. एवढा नेम साधायचा म्हणून शेकडो फुलांच्या झुबक्यातून एखाद-दोन शेंगा निघतात. रुईच्या फुलातही हाच खटका आहे.

मावा आणि सुरवंट

जुलैअखेर कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा बसतो. तुम्ही तो ओळखाल, आपल्याकडे रुईवर हाच असतो, आणि इथे परका आहे. पाहून अंगावर काटा येतो, पण मोठ्या झाडाचं फारसं बिघडत नाही. निंबोळी तेल किंवा साबणाचं पाणी फवारायचं नाही, कारण त्याच पानामागे टाचणीच्या डोक्याएवढं मोनार्कचं अंडं असू शकतं. पान उलटून बघा, अंडी-सुरवंट नसतील तर एका हाताने शेंडा धरून दुसऱ्याने पाण्याची जोरदार चिळकांडी. काळे-केशरी ढेकणासारखे किडे शेंगांवर जमतात, ते बी शोषतात, राहू द्या.

आता थोडी कडू गोष्ट. मोनार्कच्या माद्यांना अंडी घालायला बटरफ्लाय वीड तितकंसं आवडत नाही. फुलांवर मध प्यायला येतात, अंडी मात्र कॉमन किंवा स्वॅम्प मिल्कवीडवर जास्त घालतात. सुरवंट बघायचेच असतील तर याच्या शेजारी दोन स्वॅम्प मिल्कवीड लावा. कॉमन मिल्कवीड छोट्या वाफ्यात नको, ते जमिनीखालून धावत शेजाऱ्याच्या लॉनमध्ये उगवतं. माझ्या दोन स्वॅम्प मिल्कवीडवर गेल्या ऑगस्टमध्ये अकरा पट्टेरी सुरवंट मोजले, आणि पाच फुटांवरच्या ट्यूबरोसावर एक. पाच पानं खाल्ली गेली म्हणून हळहळू नका, त्यासाठीच लावलंय. उन्हाळाअखेरीची पिढी इथून मेक्सिकोच्या डोंगरातल्या ओयामेल वृक्षांकडे निघते, आणि ती ज्या झाडांवर थंडी काढते ती जागा बाहेरच्या शास्त्रज्ञांना सापडली ती थेट जानेवारी १९७५ मध्ये.

लहान मुलं आणि कुत्रा घरात असेल तर एवढं लक्षात ठेवा: पानं-मुळं खाण्याची नाहीत. याच्या मुळाचा एकेकाळी छातीच्या दुखण्यावर काढा करत, त्यावरून त्याला प्लुरसी रूट असंही नाव आहे, पण तो प्रयोग आपण करायचा नाही. रस हाताला लागला तर डोळे चोळण्याआधी हात धुवा.

सोबतीला कोण

एकटं लावलं तर ते आडवं पसरतं. लिटल ब्लूस्टेम किंवा प्रेअरी ड्रॉपसीड या गवतांच्या झुपक्यांत लावलं की त्यांच्या आधाराने सरळ राहतं, आणि ती गवतं ऑक्टोबरमध्ये तांबूस होतात ते वेगळंच देखणं. जांभळ्या रंगासाठी ब्लेझिंग स्टार, तीही जुलैतच. उंच वाढणारं कप-प्लांट कितीही आवडलं तरी इथे नको, सगळ्यांवर सावली धरतं. एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नियमावली आधी वाचा, आणि वाफ्याच्या पुढे दोन फुटांची पट्टी कापलेल्या गवताची ठेवा. कडा रेखीव असली की मागे कितीही रान असो, लोक त्याला बाग म्हणतात.

बी राखायचं असेल तर शेंग पिवळट-तपकिरी झाली की रोज अंगठ्याने हलकं दाबा. शिवण आपोआप उलली आणि आत बी तपकिरी असेल तर काढा; पांढरं असेल तर आणखी थांबा. पिसारा उलगडायच्या आत मधला दांडा टोकाशी धरून अंगठ्याने बी खाली ओढलं की म्हातारी हातात राहते आणि बी वाटीत पडतं. कागदी पाकिटात, कोरड्या जागी. झाडावरच्या उरलेल्या शेंगा आणि वाळलेले देठ हिवाळाभर तसेच ठेवा, एप्रिलमध्ये सहा-आठ इंचांवर कापा.

माझ्या वाफ्यातल्या शेंगा मात्र मी सगळ्या खुडत नाही. दोन-तीन आईच्या वाटणीच्या असतात. तिचं परतीचं विमान ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असतं, आणि त्याआधी एका दुपारी ती डेकवर उभी राहून एकेक म्हातारी फुंकते, नातवाला मागे धावायला लावते. मेमध्ये शेजारच्या लॉनमध्ये एक कोंब आला, तेव्हा शेजारणीनेच काडी रोवून ठेवली होती.